न कळलेलं सुतक

ऊस तोडण्याआधी तो उभाच्या उभा पेटवून द्यायचा, अशी त्या बेटावर पद्धत होती. पाचट जळून जायचं, नुसते दांडे उरायचे, म्हणजे यंत्रांना तोडायला सोपं. पेटवण्याआधी कारखान्याचा भोंगा तीनदा वाजे. तो ऐकला की आमच्या वस्तीतल्या बायका हातातलं काम टाकून दोरीवरचे कपडे ओढायला पळत, कारण त्यानंतर तासाभरात आभाळातून काजळी पडायला लागे. बोटभर लांब, हलक्या, काळ्या चिंध्या. हातात धरल्या की त्यांची पूड होई. अंगणात, पायऱ्यांवर, गाडीच्या काचेवर, आणि खिडकी लावायला विसरलं तर पानातल्या भातावरसुद्धा. आई म्हणायची, "या गावात रोज कुणाला तरी पोचवून आल्यासारखं वाटतं." बाबा हसायचे. "अगं, साखर खायची तर एवढं सोसायला नको?" बाबा त्या कारखान्यात केमिस्ट होते. हवाईतल्या त्या मोठ्या बेटावर, समुद्राच्या कड्यालगतच्या वस्तीत आम्ही तिघंच मराठी होतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अख्ख्या बेटावरही तिघंच.

घर लाकडी, खांबांवर उचललेलं, वर पत्रा. पाऊस तिथे दिवसातून चारदा यायचा आणि दर वेळी पत्र्यावर कुणी तांदूळ ओतल्यासारखा आवाज व्हायचा. कारखान्याची घरघर तर रात्रंदिवस चालूच असे. ती थांबली की आम्ही दचकायचो. साखरेच्या गावात राहूनही गूळ मिळायचा नाही, हे आईचं कायमचं दुखणं. बाबा कारखान्यातून कच्ची, ओलसर, तपकिरी साखर आणायचे. आई ती कढवून, घोटून तिचं गुळासारखं काहीतरी करायची आणि त्याच्या पोळ्या लाटायची. चव बरी असे, पण आई पहिला घास खाल्ल्यावर दर वेळी मान हलवायची. "नाही, तो नाही." आता मी टेक्सासात शुगर लँड नावाच्या गावात राहते. गावाच्या नावातच साखर, आणि दहा मिनिटांवरच्या दुकानात कोल्हापुरी गुळाची ढेप मिळते. मी ती घेते आणि पहिला घास खाऊन मान हलवते. आईचा स्वभाव असा उशिरा अंगात येतो.

शेजारी हरादा काकू राहायच्या. सत्तरीच्या, बुटक्या, पाठीतून वाकलेल्या, जन्म त्याच बेटावरचा. त्यांचे आईवडील जपानहून उसाच्या मळ्यावर मजुरीला आले होते. वस्तीतली पोरं त्यांना आँटी म्हणायची. मी मात्र काकूच म्हणावं असा आईचा हुकूम होता, आणि त्यांनाही ते नाव आवडलं होतं. त्यांची इंग्रजी मळ्यावरची मोडकी, आईची पुस्तकातली मोडकी. दोघींचं जमायचं ते बोलण्यापेक्षा ताटं देण्याघेण्यात. इकडून थालीपीठ गेलं की तिकडून मुळ्याचं पिवळं लोणचं यायचं. त्याचा वास बाबांना अजिबात सोसायचा नाही. आई खिडकीत उभी राहून ते चवीने खायची.

वस्तीच्या मागे, उसाच्या कडेला, जपानी लोकांचं एक छोटं देऊळ होतं. पुजारी शहरातून महिन्यातून एकदा यायचा. एरवी झाडलोट, पाणी, दिवा सगळं हरादा काकूंकडे. रस्त्यावर दोन खांबांची, वर दोन आडव्या तुळयांची लाकडी कमान होती, कधीकाळी शेंदरी असलेली. कमानीत शिरण्याआधी वाकायचं. वाट मधून चालायची नाही, मधली वाट देवाची. आपण कडेने जायचं. मग दगडी टाक्यातलं पाणी पळीने घेऊन आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ, आणि शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुवायचा, म्हणजे पुढच्याला स्वच्छ मिळतो. देवापुढे जाडजूड दोर लोंबत असे, तो हलवून घंटा वाजवायची. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मनातलं मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं. आईने हे सगळं एका दिवसात पाठ केलं. फक्त एक गोष्ट तिला खटकली. "मूर्ती कुठाय?" तिने विचारलं. हरादा काकूंनी बंद दाराकडे हात केला. "आत. बघायचं नाही." आईला ते एकदम पटलं. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना दगडी कुत्र्यांसारखे राखणदार होते, त्यांना मात्र तिने पदराच्या गाठीतली डबी काढून हळदकुंकू लावलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरादा काकू बराच वेळ त्या लाल ठिपक्यांकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आता बरे दिसतात."

माझ्यानंतर आईला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही बाळं राहिली नाहीत. एक पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं जन्मलं त्याच दिवशी. याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मला ते कळलं ते कपाटाच्या वरच्या खणातल्या न वापरलेल्या दोन टोपड्यांवरून. त्या वर्षी तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आईने महिने मोजणंच बंद केलं. कुणी विचारलं तर "बघू" म्हणायची. पोट दिसायला लागलं तशी ती अधिक गप्प होत गेली. चालताना भिंतीला हात लावून चालायची. रात्री पत्र्यावर आंबा पडला तरी उठून बसायची.

पाचवा महिना लागला आणि हरादा काकू एका संध्याकाळी पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्यांच्या पंचांगात दर बारा दिवसांनी कुत्र्याचा दिवस येतो, असं त्यांनी सांगितलं. कुत्री सहज विते, म्हणून पाचव्या महिन्यातल्या त्या दिवशी बाईने देवळात जाऊन पांढऱ्या सुती कापडाचा पट्टा पोटाला बांधून घ्यायचा, आणि देवापुढे पाटी टांगायची. ती पाटी त्यांनी दाखवायला आणली होती. तळहाताएवढी, पातळ लाकडाची, वरून छपरासारखी निमुळती, टांगायला दोरा. तिला ते एमा म्हणायचे. एका बाजूला कुत्रीचं आणि पिल्लांचं चित्र, दुसरी बाजू कोरी. तिच्यावर मागणं लिहायचं. पूर्वी म्हणे लोक देवाला खराखुरा घोडा वाहायचे. ज्यांना घोडा झेपेना ते घोड्याचं चित्र वाहायला लागले, आणि पुढे हव्या त्या मागण्याचं हवं ते चित्र आलं. आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "म्हणजे आपला नवसच की!" ती मला म्हणाली. "फक्त लेखी."

"देव विसरेल म्हणून?" बाबा आतून म्हणाले.

"तुम्ही विसरता म्हणून," आई म्हणाली.

त्याच संध्याकाळी, उठता उठता, हरादा काकूंनी एक गोष्ट विचारली. गेल्या पन्नास दिवसांत तुमच्या घरात कुणी वारलं नाही ना? आई म्हणाली, नाही. मग ठीक, त्या म्हणाल्या. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याने पन्नास दिवस कमानीखालून जायचं नाही. स्वतःचा नवरा गेला तेव्हा त्या रोज झाडू घेऊन यायच्या आणि कमानीपर्यंतच झाडून परत जायच्या. आत पाचोळा साचत राहिला, पण पन्नास दिवस त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. वस्तीतल्या एका बाईने हे पाळलं नव्हतं. तीही पोटुशी होती. मी विचारलं, "मग काय झालं?" हरादा काकूंनी आईच्या पोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "पाऊस येतोय," म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या. मी त्यांना परत कधी विचारलं नाही. काय झालं ते मला कळलंच होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी बाबांबरोबर कारखान्यात गेले. शनिवारी त्यांची लॅब रिकामी असायची आणि मला रसाच्या नळ्या हलवून बघायला मिळायच्या. टपाल आलं होतं. बाबांनी त्यातलं एक निळं एअरोग्राम बघितलं, अक्षर बघितलं, आणि ते तसंच हातात घेऊन बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ऊस धुऊन निघालेलं मातकट पाणी जिथून समुद्राकडे वाहायचं त्या चरापाशी ते उभे होते. त्यांनी पत्र उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याचे लहान लहान तुकडे केले आणि पाण्यात सोडून दिले. असलं पत्र घरात आणत नाहीत, दाराबाहेर वाचून फाडून टाकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. देव न मानणाऱ्या माझ्या बापाने ते का केलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"शैलू," ते म्हणाले, "आजोबा गेले." आजोबा म्हणजे आईचे वडील. आई त्यांना अण्णा म्हणायची. गावच्या शाळेत मास्तर होते, आईला आई नव्हती, आणि दर महिन्याला मुंगीएवढ्या अक्षरात आलेलं त्यांचं पत्र आई तीन दिवस पुरवून वाचायची. "मामाने मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर लिहिलंय. आईला आत्ता सांगायचं नाही. या दिवसांत असला धक्का बसला तर... तुला कळतंय ना? बाळ झालं की मी स्वतः सांगेन."

मला आजोबांचं रडू यायच्या आधी कमान आठवली. "पण बाबा, वेन्सडेला आई देवळात जाणार आहे. हरादा काकू म्हणतात, इट्स नॉट अलाउड. कुणी गेलं असेल तर आत जायचं नसतं. बाळाला काही झालं तर?"

"त्या दगडाच्या कुत्र्यांना कोण सांगायला जाणारेय?" बाबा म्हणाले. "जाऊ दे तिला. तिला बरं वाटतंय तिथे. आणि तू तोंड बंद ठेवायचं. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं. मी अकरा वर्षांची होते आणि मोठं झाल्याचा अभिमान मला त्या परिस्थितीतही वाटला, हे लिहायला आज लाज वाटते.

पण अभिमान घरी पोचेपर्यंतच टिकला. आई पायऱ्यांवर बसून पांढऱ्या कापडाचा पट्टा धुऊन, पिळून, उन्हात ताणत होती. तिला सांगावं तर धक्क्याने बाळ जाईल. न सांगावं तर ती कमानीखालून जाईल आणि बाळ जाईल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, रात्रभर केला, आणि दर वेळी बाळच जात होतं. रविवारी मला एक उपाय सुचला. तेव्हा तो मला फार हुशारीचा वाटला. देवालाच सगळं खरं सांगून टाकायचं. लेखी.

परीक्षेसाठी हवी, चित्र कुठलंही चालेल, असं सांगून मी हरादा काकूंकडून तसलीच एक एमा मागून घेतली आणि बाथरूमला कडी लावून बॉलपेनने लिहिली. मराठीत लिहिली. मला इंग्रजी अधिक चांगलं येत होतं, पण इंग्रजी कुणीही वाचलं असतं. मराठी बेटावर कोण वाचणार, असा माझा हिशेब. आईच दर रविवारी मला बाराखडी गिरवायला लावायची. मी लिहिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं: देवा, माझे आजोबा वारले. आईला माहीत नाही. ती आत आली तर तिच्यावर रागावू नको. बाळाला नेऊ नको. मला माहीत आहे म्हणून मी बाहेर थांबले आहे.

शेवटचं वाक्य लिहिलं आणि तेच माझ्या अंगाशी आलं. ती पाटी मला देवळातल्या पाट्या टांगायच्या चौकटीवर अगदी मागे, जुन्या पाट्यांच्या खाली टांगायची होती. पण आजोबा माझेही होते. मी आत कशी जाणार? सोमवारी शाळेतून येताना मी कमानीच्या अलीकडे उभी राहून हरादा काकूंना हाक मारली आणि पाटी त्यांच्या हातात दिली. "एकदम मागे लावा," मी म्हटलं. त्यांनी ती उलटसुलट केली. "ही तुमची अक्षरं? सुंदर. वरती दोरीवर वाळत घातल्यासारखी." मग माझ्याकडे, कमानीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघून त्यांनी आपल्याशीच काहीतरी ओळखलं आणि माझ्या गालाला हात लावला. मी वयात आले, म्हणून आत येत नाही, असं त्यांनी धरलं असावं. संध्याकाळी त्यांच्याकडून लाल चवळीसारख्या दाण्यांचा गुलाबी भात आला, जो त्यांच्यात मुलीच्या त्या दिवशी करतात. आईला काही कळेना. "कशाचा सण आहे गं आज?" ती विचारत होती आणि कौतुकाने खात होती. मला तो भात गिळवेना, कारण हरादा काकूंनी पाटी कुठे लावली ते मी पाहिलं होतं. चौकटीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर. "मागे का?" त्या म्हणाल्या होत्या. "देवाला दिसायला नको?" काढा म्हटलं, तर म्हणाल्या, एकदा टांगलेली काढत नाहीत.

बुधवारी सकाळी भोंगा तीनदा वाजला. डोंगराच्या बाजूने धूर उठला तरी आई थांबली नाही. तिने नऊवारी नव्हे, पण ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, एका हातात नारळ, दुसऱ्यात स्वतःची पाटी. मी पोट दुखतंय म्हणून कमानीबाहेर थांबले. तिने काहीतरी ओळखल्यासारखं हसून मान हलवली, वाकली, आणि कडेकडेने आत गेली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती हात धूत होती. काहीच झालं नव्हतं. कुत्र्यांच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं. हरादा काकू पायरीवर पट्टा घेऊन तयार उभ्या होत्या. आई पाटी टांगायला चौकटीकडे वळली. वाचायला तिला चष्मा लागायचा, आणि मी मनात म्हणत राहिले, चष्मा नाहीये, चष्मा नाहीये.

चष्मा लागला नाही. आपली अक्षरं माणसाला लांबून ओळखू येतात. आई जागच्या जागी थांबली. तिचे ओठ हलताना मला दिसले. लहान मुलाची वही तपासावी तसं ती एकेक शब्द वाचत होती. पाटी धरलेला तिचा हात हवेत तसाच राहिला. काजळी पडायला लागली होती. एक चिंधी तिच्या खांद्यावर पडली, ती तिने झटकली नाही. मला वाटलं ती आता खाली बसेल, ओरडेल, निदान मागे वळून माझ्याकडे बघेल. हरादा काकूंनी काहीतरी विचारलं. आईने माझी पाटी उलटी केली, अक्षरं आत आणि कुत्रीचं चित्र बाहेर, आणि तिच्यावर स्वतःची टांगली. मग घंटेपाशी गेली. दोनदा वाकली. दोन टाळ्या वाजवल्या, त्या मला कमानीबाहेर स्पष्ट ऐकू आल्या. कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली. पुन्हा एकदा वाकली, हरादा काकूंकडून पट्टा बांधून घेतला, आणि कडेकडेने चालत बाहेर आली.

घराच्या वाटेवर ती माझ्यापुढे चालत होती. काजळीने तिचं पातळ ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं. फाटकापाशी ती थांबली, माझा दंड धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुतक कळल्यापासून लागतं. आधी नाही. मला अजून काही कळलेलं नाही. बाळ होईपर्यंत मला काही कळलेलं नाही. तुलाही नाही, तुझ्या बाबांनाही सांगायचं नाही. समजलं?"

"आई, आय ॲम..."

"समजलं का विचारलं मी."

"हो," मी म्हटलं. तिने दंड सोडला तेव्हा तिथे तिच्या पाचही बोटांचे वळ उठले होते. ती आत गेली आणि कुकर लावला.

पुढचे चार महिने आमच्या घरात हे असं चाललं. बाबा आईपासून लपवत होते. आई बाबांपासून लपवत होती, की तिला कळलंय. आणि मी दोघांच्या मध्ये जेवायला बसत होते. आई रोज संध्याकाळी बाबांना विचारायची, "अण्णांचं पत्र नाही आलं?" तिला विचारावंच लागायचं; विचारणं थांबवलं असतं तर बाबांना संशय आला असता. बाबा म्हणायचे, "पोस्टाचा स्ट्राइक असेल. येईल." आणि आई म्हणायची, "या वयात त्यांनी एवढं लिहावं तरी का." ती इतकं सहज म्हणायची की कधीकधी मलाच वाटायचं, मी पाटी लिहिलीच नाही, तिने वाचलीच नाही, आजोबा गावी आहेत. दिवसातून दहादा तिचा हात पोटावरच्या पट्ट्यावर जाई. बाळ हलत नाहीसं वाटलं की ती जिथे असेल तिथे उभी राही, आणि तिच्याबरोबर मीही श्वास धरून उभी राही.

आणि मग खरोखरच पत्र आलं. आजोबांचं. मामाने त्याचं पत्र मुंबईच्या मोठ्या पोस्टात टाकलं होतं. आजोबांनी जाण्याआधी गावच्या डब्यात टाकलेलं हे कुठे कुठे फिरून मागाहून पोचलं. ते घरच्या पत्त्यावर होतं, त्यामुळे आईनेच पेटीतून काढलं. बाबा कामावरून आले तेव्हा ती ते हातात घेऊन टेबलाशी बसली होती. बाबांनी अक्षर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बघा, आलं की नाही," आई म्हणाली आणि मोठ्याने वाचायला लागली. पाऊस ठीक आहे. दारच्या लिंबाला यंदा लिंबं धरलीत. शैलूचं अक्षर सुधारलं का, तिला म्हणावं मराठीत लिहीत जा. तू जिने चढू नकोस, ओझी उचलू नकोस. मी नवव्या महिन्यात इथल्या देवीची ओटी भरणार आहे, काळजी करू नये. आईचा आवाज कुठेही अडखळला नाही. तिने घडी घातली, पत्र डब्याखाली ठेवलं, आणि आम्हाला वाढलं. जेवण झाल्यावर ती उत्तर लिहायला बसली. दोन पानं लिहिली आणि बाबांच्या खिशात घातली. "उद्या टाका हं, विसरू नका." बाबा म्हणाले, "टाकतो." त्या पत्राचं त्यांनी काय केलं मला माहीत नाही. कदाचित चरात सोडलं असेल.

खूप वर्षांनी, माझ्याच स्वयंपाकघरात, मी आईला एकदाच विचारलं होतं. त्या दिवशी तू तशीच मागे का नाही फिरलीस? देवाला फसवताना भीती नाही वाटली? ती लसूण सोलत होती. "देवाला कुठे फसवलं," ती म्हणाली. "त्याला तू सगळं लिहून दिलंच होतंस की. मी अण्णांना फसवलं. चार महिने त्यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. काढलं असतं तर पोटातल्याने ऐकलं असतं." मग म्हणाली, "जिवंत असलेल्याची बाजू घेतली मी. काय करायचं होतं?" तिच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर नव्हता. तरीही मला अजून वाटतं, तो माझ्यावरच असायला हवा होता.

बाळ तीन आठवडे आधीच आलं. दुपारी कारखाना एकाएकी बंद पडला, घरघर थांबली, आणि त्या शांततेत आईने न्हाणीघरातून मला हाक मारली. शहर तासाभरावर. बाबा गाडी चालवत होते, हरादा काकू मागे आईला धरून, आणि मी पुढच्या सीटवर उलटी वळून आईचा चेहरा बघत होते. दोन्ही बाजूंना जळलेल्या उसाची काळी रानं. तिने एकदाही आवाज केला नाही. मी मनात देवाला म्हणत होते, बाहेर थांबले होते ना मी, मी बाहेर थांबले होते. दवाखान्यात आम्हाला बाकावर बसवलं. दाराआड पावलं वाजत होती, कुणीतरी धावत गेलं, कुणीतरी आमच्याकडे न बघता परत आलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते. हरादा काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या. मग एक नर्स आली आणि म्हणाली, मुलगी. लहान आहे, पण रडतेय जोरात.

तीच अनघा. आता जर्सी सिटीत असते, तिची स्वतःची मुलं कॉलेजात आहेत, आणि यातलं तिला काहीही माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "आज सांगतो." दवाखान्यात आई उशीला टेकून बसली होती, बाळ कुशीत. बाबा कॉटच्या कडेला बसले. मला त्यांनी बाळ उचलून घ्यायला लावलं. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि हळूहळू, शब्द जपून वापरत सांगितलं. मी आईकडे बघत होते. मला वाटलं होतं, ती आता खोटं रडेल. तेवढं तरी तिला करावंच लागेल. तिने बाबांकडे बघितलं, आणि "कधी?" म्हणाली. त्यांनी तारीख सांगितली. "जवळ कोण होतं?" मामा होता. "काही बोलले का? माझं नाव घेतलं का?" एकेक प्रश्न ती घाईघाईने विचारत होती. मला तेव्हा उमगलं, की हे तिला खरंच माहीत नव्हतं. माझ्या पाटीवर ते कुठे लिहिलेलं होतं? चार महिने तिने हे प्रश्न कुणालाही विचारले नव्हते. बाबा म्हणाले, "घेतलं. शेवटी तुझंच घेतलं." आणि मग तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. नर्स धावत आली. आई वाकून, दोन्ही हातांनी पोट आवळून रडत होती, पट्टा बांधलेला नव्हता तरी तिथेच हात आवळून. बाळ माझ्या हातात दचकून किंचाळायला लागलं. कुणी त्या दोघींना थांबवू शकलं नाही.

कितीतरी वेळाने ती थकून झोपली. बाबा बाहेर व्हरांड्यात आले. डोळे पुसले, माझ्याकडून अनघाला घेतलं, आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "बघितलंस ना शैलू? तेव्हा सांगितलं असतं तर तिला सोसलं नसतं. बरं झालं, आपण तिला कळू दिलं नाही."

"हो बाबा," मी म्हटलं.